दारावरची मुकी घंटा

निखिलचा फोन आला तेव्हा मी अल ऐनच्या घरी सातवीच्या वह्या तपासत बसले होते. "मावशी, बाबा इज नो मोअर," एवढंच तो म्हणाला. कधी, कसं, असं काहीबाही मी विचारलं असेन. त्यावर तो म्हणाला, "बेकरीत. ही वॉज स्टँडिंग." उभ्याउभ्या गेले... पाव भट्टीतून निघायच्या वेळेला, हातात ट्रे असताना. माझ्या यजमानांनी गाडी काढली. दुबईत अल कुसैसला पोचल्यावर, ताईकडे वर जायच्या आधी, का कोण जाणे, मी खाली बेकरीचं दार ढकललं. दार आवाज न करता उघडलं. त्या दारावरची घंटा वाजत नाही, हे मला कित्येक वर्षं माहीत होतं, तरी कान तिच्यासाठी थांबलेच.

मनोहर भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुमुदताईचे यजमान. देवगडजवळच्या एका खेड्यातून आखातात आले ते एका कंपनीच्या मेसमध्ये आचारी म्हणून. मग भांडीकुंडी, उसनवारी, एका भल्या अरब माणसाची पार्टनरशिप असं करत करत अल कुसैसला त्यांनी बेकरी टाकली. खाली बेकरी, वर पहिल्या मजल्यावर घर. आम्ही नव्वदच्या सुरुवातीला दुबईत आलो तेव्हा ताईच्या शेजारच्याच इमारतीत जागा घेतली, त्यामुळे माझा निम्मा संसार तिच्या स्वयंपाकघरात आणि उरलेला बेकरीच्या काउंटरशी झाला. लादीपाव, खारी, बटर, टोस्ट, नानकटाई... मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, वडापावचे पाव भाऊजींचे. मोठा आवाज, मोठं पोट, कोपरापर्यंत पीठ. मी शाळेत शिकवते म्हणून मला ते कायम "मास्तरीणबाई" म्हणायचे आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हिला खारी देताना जपून हां, तुकडा पडला तर मार्क कापते." माणूस घटकाभर हसल्याशिवाय बेकरीतून बाहेर पडता कामा नये, असा त्यांचा हट्टच होता.

आणि ती घंटा. पितळेची, वीतभर, दाराच्या वर वाकड्या पोलादी पट्टीला टांगलेली. दार उघडलं की खणखणायची. भाऊजी भट्टीकडे तोंड करून असले तरी मागे न बघताच ओरडायचे, "या, या!" ती घंटा त्यांच्या आजोबांनी विलायतेहून आणलेली. पहिल्या महायुद्धात आजोबा आगबोटीवर कोळसा ओढायच्या कामाला होते. बोट लंडनच्या गोदीला लागलेली असताना जर्मनांनी एक मोठं प्रवासी जहाज बुडवल्याची बातमी आली, आणि गोदीच्या आसपासच्या वस्तीत लोक पिसाळले. तिथे राहून वर्षानुवर्षं पाव विकणाऱ्या जर्मनांच्या बेकऱ्या फोडायला जमाव निघाला. बंदरावर पाय मोकळे करायला गेलेले आजोबा आणि त्यांचे सोबती त्यात सापडले. काचा फुटल्या, पिठाची पोती रस्त्यावर रिकामी झाली, वरच्या मजल्यावरून कपाटं, गाद्या, अगदी पियानोसुद्धा खाली आला. लोक पाव पोत्यात भरून नेत होते. आजोबांनी दारावरची घंटा काढली आणि बंडीत घातली.

हा किस्सा भाऊजी गणपतीत मंडळाच्या स्टेजवर करून दाखवायचे. "गोरेच गोऱ्यांना लुटतायत म्हटल्यावर आमचे आजोबा मागे राहतील होय?" इथे पहिला हशा. मग डोक्यावर खरंखुरं पीठ ओतून घ्यायचे, पियानो पडल्याचा आवाज तोंडाने काढायचे. आणि सगळ्यात शेवटी ती बाई. बेकरीवाल्याची बायको वरच्या खिडकीतून ओरडत होती म्हणे. भाऊजी खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेत, आवाज चिरका करत आणि असे काही किंचाळत, की पोरं खुर्च्यांवरून खाली पडायची. "काय म्हणत होती, आजोबा?" पोरं विचारायची. "मला काय ठाऊक? मला कुठे इंग्रजी येत होतं!" हे आजोबांच्या वतीने उत्तर. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्या किंकाळीची वाट बघत बसायचो. मीही.

बेकरीत भट्टी सांभाळायचा गुलजमान. पाकिस्तानातल्या मर्दानकडचा पठाण, भाऊजींपेक्षा थोडा लहान. बेकरी निघाल्यापासूनचा. तंदूरच्या रोट्या लावणारा हा माणूस भाऊजींच्या हाताखाली लादीपाव शिकला आणि पुढे त्यांच्यापेक्षा हलका पाव काढायला लागला, याचा भाऊजींना अभिमानही होता आणि जरा जळफळाटही. मागच्या खोलीत पोत्यांच्या शेजारी त्याची खाट. दिवसभर दोघांची तणतण चालायची. "सेठ, तुम मीठा जास्ती डालता." "तू मुझे सिखायेगा, खान?" ताईच्या हातची पुरणपोळी तो तुपाशिवाय खायचा आणि ताई त्यावर दरवेळी चिडायची. निखिल लहान असताना त्याच्याच खांद्यावर बसून शाळेच्या बसपर्यंत जायचा.

आणखी एक गिऱ्हाईक सांगायला हवं. एल्के मॅडम. जर्मन बाई, वय झालेलं, नवरा बंदरात इंजिनियर. त्यांनी भाऊजींना त्यांच्या गावाकडचा काळा, घट्ट पाव करायला शिकवला आणि दर शुक्रवारी सकाळी तो न्यायला यायच्या. एका शुक्रवारी त्यांनी वर बघून विचारलं, ही घंटा कुठली? जुनी दिसते. मी काउंटरशी होते. भाऊजींचा चेहरा खुलला. अहो, खुद्द जर्मन माणसाला जर्मन घंटेची गोष्ट सांगायची, याहून मोठं स्टेज कुठलं! मोडक्या इंग्रजीत, हिंदीत, हातवाऱ्यांनी त्यांनी अख्खा प्रयोग केला. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण त्यांचं लक्ष कुठे होतं! पियानो पडला. पंचा डोक्यावर गेला. किंकाळी झाली.

एल्के मॅडम सुरुवातीला हसत होत्या. किंकाळीनंतर त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पिशवीत पाव ठेवता ठेवता त्यांनी साधं विचारलं, "ती माणसं मग कुठे गेली?"

"डोन्ट नो, मॅडम. ग्रँडफादरचं शिप दुसऱ्या दिवशी निघालं."

"त्या रात्री ती झोपली कुठे?"

भाऊजींनी डोक्यावरचा पंचा काढला. खरं सांगते, इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. घंटेचं काय झालं, ते सगळ्यांना पाठ होतं. बेकरीवाल्याचं काय झालं, ते गोष्टीतच नव्हतं. मॅडम "सी यू नेक्स्ट वीक" म्हणून गेल्या. पुढच्या शुक्रवारी आल्याही. पण त्या दिवसापासून त्या दार अगदी हळू, एक हात वर घंटेला लावून उघडायच्या. घंटा वाजू नये म्हणून. भाऊजी भट्टीकडे तोंड करून असायचे; बाई काउंटरशी येऊन उभी आहे हे त्यांना कळायचंच नाही. कधीतरी वळून बघायचे आणि दचकायचे. त्या वर्षीच्या गणपतीत त्यांनी प्रयोग केला, पण किंकाळी गाळली. लोकांनी "वन्स मोअर" म्हणून गोंधळ घातला, तर "घसा बसलाय" म्हणाले.

मग कारगिल आलं. डिशवर रात्रंदिवस बातम्या, तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या, रडणाऱ्या आया. आम्ही परदेशात बसून ते बघत होतो आणि आमच्याच जिन्यात, लिफ्टमध्ये, बसमध्ये पाकिस्तानी माणसं होती. टॅक्सीवाला, शिंपी, एसी दुरुस्त करणारा. त्यांच्याशी कालपर्यंत बोलणारी आमची माणसं नजर चुकवायला लागली. आधी थट्टेच्या सुरात सुरू झालं. "काय मनोहरशेठ, पाव इंडियन की पाकिस्तानी?" मग मंडळाने पाव घेणं थांबवलं. मग राजाभाऊ आले. राजाभाऊ म्हणजे मंडळाचे सगळ्यात उत्साही कार्यकर्ते, एका विमा कंपनीत मॅनेजर, कुणाच्याही आजारपणात आधी धावणारे. त्यांचा पुतण्या फौजेत होता. ते भाऊजींना म्हणाले, "मनोहर, मी तुला भावासारखा सांगतो. त्याला काढ. पब्लिक सेंटिमेंट आहे. मी तरी किती जणांना थांबवू?" भाऊजी म्हणाले, "अरे, तो पाव करतो, बंदुका नाही." राजाभाऊ चहा न घेता उठून गेले, आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

जूनमधली संध्याकाळ होती, उन्हाची धग रस्त्यातून अजून वर येत होती. मी ताईकडे वर होते. खाली गलका ऐकू आला म्हणून दोघी खिडकीशी गेलो. बेकरीसमोर माणसं जमली होती. गुंड नव्हेत हो... आमचीच. इस्त्रीचे शर्ट, ऑफिसची आयकार्डं गळ्यात. कुणी अकाउंटंट, कुणी साइट इंजिनियर. पोलीस आले तर सगळ्यांचे व्हिसे जातील हे प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून घोषणा मोठ्याने नव्हत्या, पण त्या दबल्या आवाजानेच जास्त भीती वाटत होती. "बाहेर काढ त्याला!" कुणीतरी डिलिव्हरीच्या पिकअपमधले ट्रे ओढले. पाव डांबरावर पसरले. कुणीतरी पिठाचं पोतं फाडलं. राजाभाऊ मधे उभे होते, हात वर करून, थांबवत होते की पुढे बोलावत होते, ते वरून कळत नव्हतं. भाऊजी दारात. त्यांच्यामागे, आतल्या अंधारात, भट्टीपाशी गुलजमान.

एकाने भाऊजींची कॉलर धरली तेव्हा ताई खिडकीतून किंचाळली. "अहो, आत या! आत या आधी!" तिचा आवाज एवढा चिरका मी आधी कधी ऐकला नव्हता... आणि तरीही तो ऐकलेला होता. खालची सगळी डोकी वर वळली. भाऊजींनीही वर बघितलं, ताईकडे. क्षणभर त्यांचा चेहरा कसासाच झाला. मग ते एकदम हसले.

"अरे, कुणाला शोधताय? त्या खानाला?" त्यांनी कॉलरवरचा हात थोपटून बाजूला केला. "तुम्हाला बघूनच पळाला ना तो! मागच्या दाराने! कसा पळाला माहितीय?" आणि त्यांनी प्रयोग सुरू केला. सलवार दोन्ही हातांनी वर उचलल्यासारखं केलं, जागच्या जागी पळाले, पंचा डोक्यावर घेतला आणि तीच किंकाळी मारली. "हाय अम्मी! मार डाला!" आधी एक जण हसला. मग दोघे. मग सगळे. भाऊजींनी पुन्हा केलं. खाली पडलेलं पीठ उचलून चेहऱ्याला लावलं, डोळे फिरवले. "खलास! काढून टाकलाय त्याला. उद्यापासून पाव शंभर टक्के कोकणी. चला, कटिंग घेणार का?" हवा गेली सगळी. ज्याने कॉलर धरली होती तो पाव गोळा करायला वाकला. काही जण खरोखर आत येऊन चहा प्यायले. राजाभाऊंनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली, "मान गये यार!" आणि मागच्या खोलीत, पोत्यांच्या आडोशाला गुलजमान उभा होता... चहा पिणाऱ्यांपासून हाताच्या अंतरावर, मधे फक्त एक पडदा.

सगळे गेल्यावर मी आणि ताई खाली आलो. गुलजमान पडद्याबाहेर आला. हाताला कणीक तशीच. म्हणाला, "सेठ, पासपोर्ट दे दो." इथे कामगारांचे पासपोर्ट मालकाकडेच असायचे.

"अरे खान, वो तो उनको भगाने के लिए... नाटक था यार!"

"मालूम है," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "अच्छा किया. हम भी सुना. सब बहुत हँसा."

भाऊजींनी हात जोडले, ताईने विनवलं. त्याने ताईने बांधून दिलेला डबा घेतला, खाटेवरची वळकटी घेतली आणि गेला. जाताना त्याने दार उघडलं, घंटा खणखणली. व्हिसा रद्द करायच्या कागदांवर भाऊजींची सही घ्यायला तो एकदाच इमिग्रेशनच्या ऑफिसात आला, तेव्हा मान वर करून बघितलंसुद्धा नाही म्हणे. त्यानंतर तो कुठे गेला, देशात परतला की दुसरीकडे कामाला लागला, आम्हाला कुणालाच कळलं नाही. पुढच्या शुक्रवारी एल्के मॅडमनी विचारलं, "तुमचा बेकर कुठे आहे?" भाऊजी म्हणाले, "डोन्ट नो, मॅडम." मग त्यांच्या लक्षात आलं की हेच उत्तर आपण पूर्वी एकदा, याच काउंटरवरून, याच बाईला दिलं आहे. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी स्टुलावर चढून घंटेच्या आतला लोलक काढला. घंटा तिथेच ठेवली.

गावभर भाऊजींचं कौतुक झालं. रक्ताचा थेंब न सांडता मॉब परतवला! मीही म्हटलं, "भाऊजी, तुम्ही त्याला वाचवलंत." ते म्हणाले, "वाचवलं गं, मास्तरीणबाई. पण त्याला हास्यास्पद करून वाचवलं. त्याच्यादेखत. मला दुसरं काही सुचलंच नाही बघ... आजोबांपासून आमच्या घरात तेवढंच शिकवलंय." त्यानंतर स्टेजवर ते कधी चढले नाहीत. थट्टा करायचे, पण स्वतःची.

शोध मात्र चालू होता. शारजा, अजमान, रास अल खैमा, जिथे पठाणाची भट्टी दिसेल तिथे गाडी थांबवायची. आम्ही अल ऐनला राहायला गेलो तेव्हा मलाही कामाला लावलं, "तिकडच्या बेकऱ्या बघून ठेव." कुणीतरी सांगितलं की खोर फक्कानला बंदराजवळ एक गुलजमान रोट्या लावतो. आम्ही तिघं गेलो, डोंगरातल्या रस्त्याने. भाऊजींच्या मांडीवर वाटभर खारीचा पुडा. तो गुलजमान निघाला मिसरूड फुटलेला पोरगा, स्वातकडचा. भाऊजींनी त्याच्याकडून गरम रोटी घेतली, उभ्यानेच खाल्ली, खारीचा पुडा त्यालाच दिला. परतताना म्हणाले, "आजोबा तरी आगबोटीत बसून निघून गेले. मला रोज त्याच दारात उभं राहायचंय." ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचीही लाज वाटली, कारण माझं काय गेलं होतं!

हे सगळं मी इतक्या दिवसांनी लिहायला बसले त्याला कारण झाली शोकसभा. मंडळाच्या हॉलमध्ये फोटो, हार, उदबत्ती. राजाभाऊ बोलायला उभे राहिले. गहिवरले होते, खोटं नाही सांगत. म्हणाले, मनोहरची खरी ओळख म्हणजे कारगिलच्या वेळचा तो किस्सा. "आम्ही सगळे तापलेलो, आणि हा पठ्ठ्या काय करतो..." आणि राजाभाऊंनी, डोळे पुसत पुसत, खिशातला रुमाल डोक्यावर घेतला आणि ती किंकाळी मारली. हॉल हसला. रडता रडता हसला. ज्यांनी ट्रे ओढले होते तेही, आणि त्या वेळी जन्मलीही नव्हती ती पोरंही. मी ताईकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. गुलजमान कुठे गेला, हे कुणीही विचारलं नाही. गोष्टीत त्याचं एवढंच काम होतं, पळायचं आणि किंचाळायचं. प्रत्यक्षात तर तो पळालाही नव्हता, किंचाळलाही नव्हता. किंचाळली होती माझी बहीण. हे कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते आहे. भाऊजींना हसवणारा माणूस म्हणून लोक लक्षात ठेवतील, ठेवोत. पण त्या हसवण्याची ज्याला सगळ्यात जास्त लाज वाटली तो माणूसही तेच होते, आणि मला हा दुसरा माणूस जास्त आवडायचा.

बेकरी आता निखिल बघतो, सकाळी ताई काउंटरवर बसते. गेल्या आठवड्यात मी गेले होते. निखिलला भाऊजींच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पंचात गुंडाळलेला तो पितळी लोलक सापडला होता. स्टूल लावून तो तयारच होता. "मावशी, इट्स जस्ट वन स्क्रू. लावून टाकू? बाबांची आठवण म्हणून. कस्टमरना पण आवडेल."

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "राहू दे."

"बट व्हाय, आई?"

"वाजत होती तेव्हा तुझे बाबा न बघताच 'या' म्हणायचे. लोलक काढल्यापासून दार जरा हललं की मान वर करून बघायचे, कोण आलंय ते. दर वेळी. हातातलं काम टाकून. बघायची सवय लागली तर लागू दे आपल्यालाही."

निखिल स्टुलावरून उतरला. बाहेर एका टॅक्सीतून कुणीतरी उतरत होतं, उन्हामुळे चेहरा दिसत नव्हता. दार उघडलं, आवाज न करता. ताईने मान वर केली.